मोडक्या वाद्याची डागडुजी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकावे, हा परिपाठ महाराष्ट्रात गावोगाव पोहोचला. ह्या व्यासपीठावरून बहुधा विद्वान बोलतात. आम्ही त्या पंक्तीतले नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. चालकांनी बोलावणे धाडले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही मात्र विषय कळविला तो मोडलेल्या बास गिटारच्या दुरुस्तीचा. चालकांनी तो कपाळाला आठी न घालता मान्य केला, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

हा विषय कामगार चळवळीच्या माणसाने का घ्यावा, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे उत्तर साधे आहे. डहाणू, कासा, तलासरी, उधवा ह्या भागांत लग्नसराईत जी बँडपथके वाजतात त्यांत वाजविणारी मुले कोण असतात? दिवसा चिकूच्या वाडीत फळे उतरविणारी, फुग्यांच्या कारखान्यात उभी राहणारी, पहाटेच्या गाडीने उंबरगाव-वापीकडे जाणारी किंवा बोईसरला पाळीवर जाणारी. म्हणजे आमचीच माणसे. दिवसाचे काम हे त्यांच्या पोटाचे आणि रात्रीचे वादन हे हौसेचे, पण लग्नाच्या दोन-तीन महिन्यांत ती हौसही चार पैसे घरात आणते. त्यांचे वाद्य मोडले की त्यांचे हत्यार मोडले. आणि कामगाराच्या हत्याराचा विचार ज्या संघटनेने करावयाचा नाही, तिने करावयाचे तरी काय?

प्रथम ह्या वाद्याची ओळख करून देतो. पुष्कळांना ते साध्या गिटारसारखेच दिसते. नीट पाहिले तर त्याची मान लांब असते, तारा सहाच्या ठिकाणी चार असतात आणि त्या चांगल्या जाड असतात. सर्वांत जाड तार सुटी छेडली म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्या संगीतात ज्याला खर्ज म्हणतात, त्याच्याही खालचा हा प्रांत. पथकातली चाल कीबोर्डवाला वाजवितो, ठेका ढोल-ताशेवाला धरतो, आणि ह्या दोघांना खालून बांधून ठेवण्याचे काम बास करते. ते वाजत असताना कोणाचे लक्ष जात नाही. बंद पडले की मात्र नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते आणि काय चुकले ते त्याला सांगता येत नाही.

पूर्वी हे काम उभ्या ठेवून वाजवावयाच्या, माणसाहून उंच अशा मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याकडे असे. ते गाडीत मावत नसे आणि कर्णे-ढोलांच्या गर्दीत ऐकूही जात नसे. अमेरिकेत पॉल टटमार्क नावाच्या गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारे आडवे बास बनवून पाहिले, पण ते फारसे पसरले नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने आपले बास बाजारात आणले. त्याच्या मानेवर सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या बसविल्या होत्या, त्यामुळे बोट जरा इकडेतिकडे पडले तरी सूर नेमका लागे. म्हणून त्याचे नावच 'प्रिसिजन' म्हणजे नेमके असे ठेवले. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा होता आणि त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने एक नवे वाद्य जगाला दिले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे हे वाद्य मुंबईस आले. राहुलदेव बर्मन ह्यांच्या गाण्यांतून जे खोल, चालते सूर आपण ऐकत आलो, त्यांतले पुष्कळसे टोनी वाझ ह्या वादकाच्या बोटांतून आलेले आहेत. गाणे सर्वांना पाठ असते. वाझांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

आता एक आक्षेप आधीच घेऊन टाकतो, कारण तो आम्हांस नेहमी ऐकावयास मिळतो. लोक म्हणतात, वारल्यांच्या मुलांनी विलायती गिटार कशाला घ्यावी? त्यांचा तारपा आहे ना! हे बोलणारे बहुधा तारपा चित्रात पाहिलेले असतात. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ साली निवर्तले, त्यांच्या चित्रांमुळे तारप्याभोवतीची नाचणाऱ्यांची वळणावळणाची साखळी जगभर गेली. आम्हांस त्याचा अभिमान आहे. पण तारपा भिंतीवरच्या चित्रात राहतो तसा घराच्या आढ्याला टांगलेलाही राहतो, आणि तो तिथे जिवंत कसा राहतो हे पाहिले तर आजच्या विषयाचे मर्मच हाती येते.

तारपा म्हणजे काय? वाळविलेल्या दुधी भोपळ्याचा पोकळ फुगा. त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या. नळ्यांच्या आतल्या टोकाशी कापलेल्या जिभल्या. खाली ताडाच्या पानांचे गुंडाळून केलेले लांब, कर्ण्यासारखे तोंड. आणि सगळे सांधे मेणाने बुजविलेले. वाजविणारा गालांत हवा साठवून श्वास न तोडता फुंकत राहतो. आता ह्यातली कोणती वस्तू टिकाऊ आहे? भोपळ्याला तडा जातो, मेण उन्हाने पाघळते, पाने सुकून फाटतात, जिभली ओलीने बसते. म्हणजे तारपा हे वाद्य दर वर्षी थोडे थोडे मोडतच असते. तरीही ते पिढ्यान् पिढ्या चालत आले, कारण जो तो वाजवितो त्याला तो उकलता येतो आणि पुन्हा बांधता येतो. भोपळा परसात, बांबू रानात, मेण मोहळात, पाने ताडावर. शेजारच्या जव्हार तालुक्यातले वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आले. नव्वदी ओलांडलेला हा वादक आपल्या हाताने तारपे बनविणाराही आहे. वाजविणारा आणि बनविणारा ही त्या घराण्यात दोन माणसे नव्हेत.

भोपळा बदलला म्हणून कोणी म्हणत नाही की हा आजोबांचा तारपा राहिला नाही. जिभली नवी घातली म्हणजे तारपा सुधारला की दुरुस्त झाला, असा वादही कोणी घालीत नाही. गिटार विलायती की देशी, हा प्रश्न आम्हांस ह्यापुढे दुय्यम वाटतो. पेटी फ्रान्सकडून आली आणि आपल्या भजनात बसली. ज्याला आपण बेंजो म्हणतो आणि ज्याच्यावाचून मुंबई-कोकणातली मिरवणूक निघत नाही, त्याचे मूळ वाद्य १९१२ साली जपानात नागोयाच्या गोरो मोरिता ह्याने बनविले. ही वाद्ये आपली केव्हा झाली? ज्या दिवशी आपल्या गल्लीतल्या माणसाने पेटीचा भाता शिवला आणि बेंजोच्या बटणाखालची तार बदलली, त्या दिवशी. जे उघडता येते, ज्याचा दोष समजतो आणि जे आपल्या हातांनी पुन्हा चालू होते, ते वाद्य आपले. आज आम्हांस एवढेच एक सांगावयाचे आहे. बाकीचे सारे त्याचा दाखला आहे.

तो दाखला असा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. आपणांपैकी पुष्कळांनी ते अनुभवले आहेत. त्या हिवाळ्यात भिंतींना तडे गेले आणि लोक लेकराबाळांसह घराबाहेर झोपले. तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या पथकाची बास गिटार खुंटीवरून अशीच एका धक्क्याने खाली आली. खुंट्या असतात तो मानेचा वरचा भाग तडकला. पुढे घर दुरुस्त होईतो ती ताडपत्रीखाली राहिली आणि तिच्यावरून एक पावसाळा गेला. पोरांनी ती आमच्या कचेरीत आणली तेव्हा मान धनुष्यासारखी वाकली होती, तारा गंजल्या होत्या आणि विजेला जोडली तर तिच्यातून आवाज म्हणून निघत नव्हता.

त्याआधी ती पोरे शहरातल्या एका दुकानात जाऊन आली होती. दुकानदाराने वाद्य हातात न घेताच सांगितले की, दुरुस्तीला नव्याइतका खर्च येईल. हप्त्यावर नवी घेऊन जा. पथकातला वडीलधारा मुलगा आम्हांस म्हणाला, "काका, हप्ता लग्नसराईत फिटेल. पण पुढचे नऊ महिने काय करायचे?" हा हिशेब त्याला कोणी शिकविला नव्हता. तो त्याच्या बापाच्या उचलीवरून आणि आजाच्या कर्जावरून त्याच्या अंगात आला होता. ज्या मुलखात १९४५ साली वारल्यांनी सावकार-जमीनदारांच्या वेठीविरुद्ध गोदावरीबाई परुळेकरांच्या बरोबरीने उठाव केला, तिथल्या मुलाला कर्जाची भीती वाटली तर ती शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

आम्ही त्याला सांगितले की, निर्णय उद्या करू. आज नुसते मोडले काय आहे ते पाहू. टेबलावर धोतर पसरले, गिटार ठेवली आणि वहीत दोन रकाने आखले. एकात लिहिले, 'हिच्यावाचून वाजणार नाही'. दुसऱ्यात लिहिले, 'हे झाले तर बरे'. पोरांचा सारा ओढा दुसऱ्या रकान्याकडे होता. त्यांना नवा रंग हवा होता, बॅटरीवर चालणारे सुरांचे जादा खटके हवे होते. आम्ही म्हटले, आधी पहिला रकाना पुरा करू. ज्याचे छप्पर गळते त्याने आधी कौले बसवावीत, रंगाचे मग पाहता येते.

आता एकेक दोष घेऊ. त्यात आपल्या गावचे कोणकोणते हात लागले, तेही सांगतो.

पहिला दोष तडकलेल्या मानेचा. तो सुताराकडे नेला. गावातल्या वयस्कर मिस्त्रींनी बोटाने तडा चाचपला आणि म्हणाले, "लाकूड तुटलेलं नाही, फाकलंय. रेषेत आहे, जाईल." आत जुनी धूळ शिरली होती ती ब्रशाने झाडून, पातळ केलेला पांढरा गोंद त्यांनी फटीत खोलवर मुरविला, दोन्ही बाजूंना लाकडाच्या चिपा देऊन शिकंजे आवळले आणि एक अख्खा दिवस त्याला हात लावू दिला नाही. फाकलेले लाकूड वेळेवर आणि पुरेसा वेळ दाबून धरले तर सांधा बाजूच्या लाकडाहून कच्चा राहत नाही. घाई मात्र त्याला चालत नाही.

दुसरा दोष वाकलेल्या मानेचा. ह्यात थोडे शास्त्र आहे. बासच्या चार तारा ताणल्या म्हणजे त्या मिळून मानेला सुमारे ७०-८० किलोच्या जोराने ओढीत असतात. म्हणजे एक जाडजूड माणूस त्या लाकडाला रात्रंदिवस लोंबकळतो आहे असे समजा. त्याला तोंड देण्यासाठी मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते आणि तिच्या टोकाला फिरकी असते. फिरकी आवळली की सळई मानेला तारांच्या उलट दिशेने ताणते. पावसाळ्यात लाकूड पाणी पिते, उन्हाळ्यात सुकते, म्हणून आपल्या किनाऱ्याला हा तोल वर्षातून दोनदा पाहावा लागतो. कसोटी सोपी आहे. तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर एकाच वेळी दाबावी आणि मध्यावर पाहावे. लग्नपत्रिकेचा कागद सरकेल इतकी फट असली तर मान ठीक. आमच्या गिटारमध्ये तिथून बोट जात होते. फिरकी एका वेळी पाव फेरा आवळावयाची, रात्र जाऊ द्यावयाची आणि सकाळी पुन्हा पाहावयाचे. जोर करून एकाच दिवसात सरळ करू गेले तर सळई तुटते, आणि मग त्या मानेला इलाज उरत नाही. पाच दिवसांत मान रेषेवर आली.

तिसरा दोष आवाजाचा. हा सर्वांत रंजक, म्हणून त्यावर थोडा थांबतो. तारांच्या खाली एक काळी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबकाच्या कांड्या असतात आणि त्यांभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत बारीकशी वीज उत्पन्न होते. १८३१ साली फॅरेडेने दाखविलेला हा नियम. आपल्या डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या वाफेने जनित्र फिरते, तेही ह्याच नियमाने. तिथे महाकाय यंत्र आणि इथे एका बोटाचा झटका, एवढाच फरक.

आमच्या गिटारची डबी दोन तुकड्यांची होती. प्रत्येक तुकडा दोन तारांचा धनी. मीटर लावून पाहिले, तर एका तुकड्याने पाच हजार ओहमच्या आसपास रोध दाखविला आणि दुसऱ्याने काहीच दाखविले नाही. घाम आणि खारी हवा आत शिरून तार कुठेतरी तुटली होती. दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एक तुटला आणि चारही तारा मुक्या झाल्या. आम्हांस युनियनच्या माणसाला ह्यावर अधिक भाष्य करण्याचा मोह होतो, पण तो आवरतो.

आता तार गुंडाळणार कोण? मुंबईस पाठवावे, असे पोरे म्हणाली. आम्ही म्हटले, आपल्याकडे वाडीवाडीत पाण्याचे पंप आहेत; त्यांच्या जळालेल्या मोटारी कोण भरतो? बाजारातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे आम्ही डबी घेऊन गेलो. त्याने ती उलटीसुलटी केली आणि हसून म्हणाला, "कॉम्रेड, ही तर मुंगीची मोटार!" पिकअपची तार ०.०६ मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. पंपाच्या तारेची सवय असलेल्या हाताला ती सारखी तुटे. पहिल्या दिवशी तीन वेळा तुटली. दुसऱ्या दिवशी त्याने शिवणयंत्राची मोटार जोडली, तार दोन बोटांत कापडाच्या चिंधीतून सोडली, आणि वेढे मोजावयास जुन्या टेपरेकॉर्डरचा आकडेयंत्र लावला. गुंडाळण्यापूर्वी त्याने विचारलेला प्रश्न मात्र एखाद्या इंजिनिअरला शोभेल असा होता. "चांगला आहे तो तुकडा कोणत्या दिशेने गुंडाळलाय?" कारण १९५७ पासून अशा दुतुकडी डब्यांत एक युक्ती असते. दोन्ही तुकड्यांचे चुंबक उलट आणि वेढेही एकमेकांच्या उलट दिशेने असतात. त्यामुळे तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि बाहेरून आलेली विजेची घरघर एकमेकांना खाऊन टाकते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बासचा एक सूर ४९ कंपनांचा आहे. म्हणजे ही घरघर नेमकी बासच्याच घरात येऊन बसते. दिशा चुकली असती तर दुरुस्त झालेली गिटार दिवसभर गुणगुणत राहिली असती.

वेढे पुरे झाल्यावर तार आत हलू नये म्हणून डबी पातळ केलेल्या मेणात बुडवावी लागते. मेण फार तापले तर डबीचे प्लॅस्टिक वाकते, म्हणून भांडे पाण्यात ठेवून मंद तापवावयाचे. त्यासाठी पोरांनी घरून मेणाचा गोळा आणला. तो त्यांच्या आज्याने तारप्याच्या सांध्यांसाठी ठेवलेला होता. आज्याने तो मागितल्यावर एवढेच विचारले म्हणे, "फट बुजवायचीय ना? मग न्या."

राहिलेले काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने केले. आवाज कमी-जास्त करण्याच्या खटक्यांतली कार्बनची पट्टी साफ केली, गंजलेले डाख काढून नवे डाख दिले, वायर खोचावयाचे तोंड बदलले. नव्या तारा चढविल्या. घोडी पुढे-मागे करून प्रत्येक तारेचा बाराव्या पट्टीवरचा सूर सुट्या तारेच्या बरोबर वरच्या षड्जाला मिळविला. पहिला रकाना पुरा झाला. सर्वांची मजुरी, तारा आणि सामान मिळून खर्च नव्या गिटारच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहिला.

मजुरीचा शब्द आला म्हणून सांगतो. रिवाइंडिंगवाला पैसे घेईना. पोरांचे काम आहे, असू दे, म्हणाला. आम्ही ते मानले नाही. दोन दिवस त्याचे दुकान ह्या कामात गुंतले होते. कारागिराच्या मोठ्या मनावर दुसऱ्या कामगाराची सोय उभी करावयाची नाही, हा आमचा नियम आहे. दुरुस्तीचे काम आपण फुकटात मागतो आणि नव्या वस्तूचे पैसे मात्र मुकाट्याने मोजतो, म्हणूनच दुरुस्ती करणारे हात एकेक करून कमी होत आहेत.

मग दुसरा रकाना उघडला. वाद्य वाजू लागले होते. आता ते पूर्वीपेक्षा चांगले करावयाचे, तर कुठे? पोरांनी स्वतः वाजवून पाहिले आणि त्यांची जुनी यादी त्यांनी स्वतःच खोडली. बॅटरीचे जादा खटके नकोत, कारण भर वरातीत बॅटरी संपली तर काय? रंग नको. त्याऐवजी तीन सुधारणा ठरल्या. वाद्याच्या पोटातली पोकळी तांब्याच्या पातळ पत्र्याने आतून मढविली, म्हणजे दिव्यांच्या माळांची खरखर आत येऊ नये. ढिल्या पडलेल्या खुंट्यांच्या जागी घट्ट दात्यांच्या खुंट्या बसविल्या, म्हणजे नाचता नाचता सूर उतरू नये. पट्टा अडकविण्याची बटणे मोठ्या स्क्रूची लावली आणि चांभाराकडून चामड्याचा पट्टा शिवून घेतला, म्हणजे गिटार पुन्हा खाली पडू नये. जिथे पूर्वी दुखले होते तिथेच सुधारणा झाली. सुधारणा ह्या शब्दाचा आम्हांस कळलेला अर्थ हाच.

आता चौथ्या सुधारणेकडे येतो. ती गिटारच्या बाहेरची आहे आणि तिच्यासाठीच आज आपल्यापुढे उभे राहण्याचे आम्ही मनावर घेतले. विजेच्या गिटारच्या तारा आतून एका वायरने ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजविणाऱ्याची बोटे सदैव त्या सांगाड्याला लागलेली आहेत असे समजा. त्या सांगाड्याला जमिनीशी नीट अर्थिंग असेल तर ही जोडणी त्याचे रक्षण करते. पण मांडवात काय असते? जनरेटर ट्रॅक्टरवर उभा असतो, तीन पिनांच्या वायरची तिसरी पिन मोडून टाकलेली असते, जमीन पाण्याने ओली असते आणि पोरे अनवाणी असतात. अशा वेळी यंत्रात दोष उत्पन्न होऊन सांगाड्यात वीज उतरली, आणि एक हात तारांवर असता ओठ किंवा दुसरा हात ध्वनिक्षेपकाला लागला, तर विजेची वाट छातीतून जाते. ही आमची कल्पना नव्हे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी गावी लेस्ली हार्वी नावाचा स्कॉटिश गिटारवादक भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लागून असाच मेला. त्याचे पथक नावाजलेले होते, देश पुढारलेला होता. विजेला त्याचे काय?

कारखान्यात यंत्राला अर्थिंग नसेल तर आम्ही काम बंद पाडतो. मांडवात वाजविणारा मुलगाही त्या रात्री कामगारच असतो आणि त्या रात्रीपुरते मालक आपण असता. म्हणून लग्नघरांना आमची विनंती आहे. पथक ठरविताना दर ठरवा, तसेच दोन गोष्टी पाहा. जनरेटरच्या सांगाड्याला आणि वायरिंगच्या अर्थिंगला जोडलेली सळई ओल्या जमिनीत खोल ठोकलेली आहे ना? आणि पथकाच्या लाइनवर गळतीची वीज ३० मिलिअँपिअरला पोहोचताच क्षणात प्रवाह तोडणारा खटका बसविला आहे ना? ह्या खटक्याची किंमत एका वेळच्या फटाक्यांहून जास्त नसते. तो चालतो की नाही, हे त्याच्यावरचे बटण दाबून कोणालाही पाहता येते. आमच्या ओळखीच्या पथकांनी आता आपला खटका आपल्याच पेटीत बाळगावयास सुरुवात केली आहे. मांडववाल्याने नाही म्हटले तर ते वाद्ये उतरवीत नाहीत. आम्ही त्यांस तसे शिकविले आहे आणि त्याबद्दल कोणी आम्हांस दोष दिला तर तो आम्ही आनंदाने घेऊ.

शेवटी एक सूचना मांडून आम्ही थांबतो. आपल्या गावात वाचनालय आहे. तिथे संध्याकाळी मोकळे असणारे एक टेबल दुरुस्तीसाठी द्यावे. त्यावर एक डाख द्यावयाची इस्त्री, एक मीटर, दोन शिकंजे आणि काही पाने-पेचकस, एवढे सामान पुरे. आठवड्यातून एक दिवस सुतार, एक दिवस रिवाइंडिंगवाला, एक दिवस टीव्हीवाला, असे कोणी तिथे बसावे, त्यांना त्यांचे मानधन वर्गणीतून द्यावे, आणि ज्याचे वाद्य, रेडिओ, पंखा मोडला असेल त्याने तो आपल्या हाताने तिथे उघडावा. एक दिवस तारपा बांधणाऱ्यालाही बोलवावे. भोपळ्याला जिभली कशी बसवितात ते शहरच्या मुलांनी पाहावे आणि मीटर कसा धरतात ते त्याच्या नातवाने पाहावे. पुस्तके आपण एकमेकांत वाटून वाचतो. हातांतले ज्ञानही तसे वाटता येईल.

ती गिटार आजही वाजते. गेल्या लग्नसराईत तिची एक तार तुटली, तेव्हा ती मुले आमच्याकडे आली नाहीत. त्यांनी ती स्वतःच बदलली, सूर मिळविला आणि शेजारच्या पाड्यावरच्या पथकालाही तसे करावयास शिकविले. आम्हांस ही बातमी दोन महिन्यांनी बाजारात कळली.

 ज्यांस वाद्य उघडून पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. पेचकस आम्ही बरोबर आणला आहे.